प्रकाशाचा धक्का कागदावर कसा मोजावा

प्रकाश ज्या वस्तूवर पडतो तिला किंचित ढकलतो, कारण त्याला संवेग असतो. पण संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, हे शाळेत पाठ केलेले सूत्र मनात ठेवून बसल्यास वस्तुमान नसलेल्या प्रकाशाचा संवेग शून्यच येणार, म्हणून ते आधी बाजूला ठेवावे; प्रकाशाच्या मानाने फार सावकाश जाणाऱ्या वस्तूंपुरतेच ते चालते. त्याऐवजी आइन्स्टाइनच्या विशेष सापेक्षता सिद्धांतातील संबंध मांडावा. एकूण ऊर्जेचा वर्ग ही दोन पदांची बेरीज असते: पहिले पद संवेग आणि प्रकाशवेग यांच्या गुणाकाराचा वर्ग, तर दुसऱ्या पदात वस्तुमान येते. वस्तुमानाच्या जागी शून्य घातले की दुसरे पद गळून पडते आणि संवेग म्हणजे ऊर्जा भागिले प्रकाशवेग, एवढेच उरते. फोटॉनला, म्हणजे प्रकाशाच्या कणाला, ऊर्जेवरून उसने वस्तुमान देऊन जुने सूत्र वाचवण्याचा मोह टाळावा. उत्तर जुळते, पण समज बिघडते.

आता ५ मिलिवॅटचा लेझर काळ्या कागदावर रोखला आहे, असे धरावे. कागदात दर सेकंदाला ०.००५ जूल ऊर्जा मुरते. तिला प्रकाशवेगाने, म्हणजे सेकंदाला ३० कोटी मीटरने, भागले की कागदाला दर सेकंदाला मिळणारा संवेग, म्हणजेच बल, मिळते, आणि ते एक मिलिग्रॅम वजनाचा सुमारे सहा लाखावा भाग भरते. कागदाऐवजी आरसा असेल तर प्रकाश उलटा परततो, संवेगातील बदल दुप्पट होतो, म्हणून बलही दुप्पट धरावे.

काचेच्या फुग्यात उन्हाने गरगरणारी काळ्या-चंदेरी पात्यांची चक्री याचा पुरावा म्हणून मात्र दाखवू नये. प्रकाशाचा धक्का चंदेरी बाजूला जास्त बसतो, म्हणजे तीच मागे सरायला हवी; प्रत्यक्षात काळी बाजू मागे सरते, कारण तिथे काम करते ती फुग्यात उरलेली विरळ हवा. खरा धक्का रशियन भौतिकशास्त्रज्ञ लेबेडेव्ह यांनी १९०१ च्या सुमारास, ही हवाच शक्य तितकी काढून टाकून, मोजून दाखवला.

हिशेब पडताळायला जपानचे २०१० मधील ‘इकारोस’ हे उन्हाचा धक्का शिडावर घेणारे अंतराळयान उत्तम. पृथ्वीच्या अंतरावर दर चौरस मीटरवर सुमारे १३६१ वॅट ऊन पडते, म्हणजे आदर्श आरशावर सुमारे ९ मायक्रोन्यूटन बल. यानाचे चौकोनी शीड १४ मीटर बाजूचे होते, त्यामुळे कागदावर जास्तीत जास्त १.८ मिलिन्यूटनच्या आसपास येते. मोजलेले बल सुमारे १.१ मिलिन्यूटन होते, कारण खरे शीड काही प्रकाश शोषते आणि पूर्ण सपाटही राहत नाही.