कूपे की उघडी? गोव्यात जुनी स्पोर्ट्स कार घेताना या चुका टाळा

डिसेंबर लागला की मला निदान एक तरी फोन येतो. बोलणारा पुण्या-मुंबईहून गोव्यात येऊन राहिलेला असतो, नाहीतर म्हापशाचाच, आखातातून परतलेला. "दादा, दोन जुन्या ब्रिटिश एमजी बघून ठेवल्यात. एक टप उघडणारी, एक पक्क्या छपराची, म्हणजे कूपे. कुठली घेऊ?" मी उलट विचारतो, "जूनमध्ये कुठे उभी करणार?" यावर पलीकडचा थोडा वेळ काही बोलत नाही.

गाडी आपण डिसेंबरात बघतो, तिथेच घोळ होतो. संध्याकाळी मिरामारहून दोनापावलाकडे टप उघडून एक चक्कर मारली की कुणाचाही हात चेकबुकाकडे जातो. पण गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. एप्रिल-मे महिन्यात दुपारी टप उघडून फिरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, एखादा असलाच तर डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून. म्हणजे उघड्या गाडीचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तोही सकाळी आणि पाचनंतर. उरलेले महिने ती नुसती उभी असते. तेव्हा उभी कशी राहणार ते आधी ठरवायचं, चालते कशी ते मग.

छप्पर म्हणजे नुसती सावली, हा गैरसमज

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. बिस्किटांचा पत्र्याचा डबा घ्या आणि झाकण लावून दोन्ही हातांनी पिळून बघा. मग झाकण काढून पिळा. कूपे आणि कन्व्हर्टिबल, म्हणजे उघडी गाडी, यांच्यात हाच फरक आहे.

एमजीच्या एमजीबी या मॉडेलचंच बघा. उघडी रोडस्टर 1962 साली आली आणि पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीने छपराचा आकार दिलेली कूपे, म्हणजे जीटी, 1965 साली. दोन्हींना वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालची स्वतंत्र चौकट, नाही. बॉडी हाच सांगाडा. जीटीमध्ये भार छप्पर, मागचे खांब आणि दाराखालच्या पोकळ पेट्या, म्हणजे सिल, मिळून वाहतात. रोडस्टरमध्ये छप्परच नाही, त्यामुळे सिल आणि फ्लोअरमधला उंच बोगदा यांच्यावरच सगळी मदार. सिल गंजले तर जीटीचा खर्च वाढतो. रोडस्टरचा मात्र कणाच जातो. आणि इथली हवा खारी. समुद्राजवळ राहणाऱ्याला सांगायला नको, खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात. पत्रा तर त्या गजांहून कितीतरी पातळ.

उघडी गाडी बघायला गेलात तर आधी दाराच्या फटी बघा. मागच्या कडेची फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल, तर गाडी मधोमध खचली आहे. मग दार बंद ठेवून पुढचं एक चाक जॅकवर उचला. जॅक सिलच्या कडेला नको, सस्पेन्शनच्या भक्कम भागाखाली लावा. आता दार उघडून बघा. अडकलं किंवा घासलं, तर वरचा रंग कितीही चकचकीत असो, आत पत्रा उरलेला नाही. सिलवर लोहचुंबकही फिरवा. चिकटत नसेल तिथे पुट्टी आहे. खडबडीत रस्त्यावर डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग थरथरतं, तेवढं मात्र सगळ्या जुन्या उघड्या गाड्यांचं थोडंफार असतंच. त्यावरून गाडी नाकारू नका. थरथर आणि बिघडलेली फट दोन्ही एकदम दिसल्या तर मात्र उठून चहा प्यायला जा.

माझं स्वतःचं सांगतो. माझ्या रोडस्टरचे सिल बदलायला एका गॅरेजात दिले होते. मेस्त, म्हणजे मिस्त्री, वेल्डिंगला पक्का, पण आयुष्यभर सेडान दुरुस्त केलेला. त्याने दारं उतरवली, दोन्ही बाजूंचे सिल एकाच दिवशी कापले आणि नवे बसवले. वेल्डिंग नजर लागण्यासारखं झालं. दारं लावायला घेतली तर एक बसेना, दुसरं बंद होईना, कारण बॉडी तोवर मधे खचली होती आणि त्याच अवस्थेत पक्की झाली होती. सगळं परत कापावं लागलं. चूक त्याची जेवढी, तेवढीच माझी, कारण विचारायचं ते मी विचारलं नव्हतं. उघड्या गाडीचा सिल कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवे लोखंडी पाइप टाकून ती जखडायची, एका वेळी एकच बाजू कापायची, आणि अधूनमधून दार लावून फट तपासत राहायचं. मेस्त याला वेळखाऊपणा म्हणाला, तर गाडी दुसरीकडे न्या.

वेगळी चासी असलेल्या गाड्यांत हे दुखणं कमी. ट्रायम्फची स्पिटफायर आणि तिची कूपे बहीण जीटी 6, दोघी स्वतंत्र चासीवर. आपल्या वडिलांच्या पिढीला ठाऊक असलेली मद्रासची स्टँडर्ड हेरल्डही तशीच. तिचं तर छप्परही बोल्टांवर बसलेलं असतं. म्हणून हेरल्डचं छप्पर काढणं आणि फियाटचं कापणं या एकसारख्या गोष्टी नव्हेत, तरी लोक दोन्ही सारख्याच उत्साहाने करतात. त्याहून जुन्या टी मालिकेतल्या एमजींच्या बॉडीचा सांगाडा तर अ‍ॅश लाकडाचा. तिथे गंजाच्या जोडीला वाळवी बघायची. कोकणपट्टीत लाकडी दारं-खिडक्या सांभाळलेल्यांना जास्त सांगत नाही.

कापलेली गाडी "ओरिजिनल" म्हणून घेणं

एकाच मॉडेलची उघडी गाडी सहसा कूपेपेक्षा महाग असते. अपवाद आहेत. मर्सिडीज 300 एसएलची पंखासारख्या दारांची कूपे तिच्या रोडस्टरपेक्षा कमी बनली, 1400 विरुद्ध 1858, आणि भावही कूपेचाच जास्त राहिला. पण सर्वसाधारणपणे छप्पर गेलं की किंमत चढते, आणि मग कूपेचं छप्पर कापायचा मोह होतो.

हे पकडायला डोळ्यांपेक्षा नंबर उपयोगी. एमजीबीच्या चासी नंबरात सुरुवातीला जीएचएन असेल तर मूळची रोडस्टर, जीएचडी असेल तर जीटी. जग्वार ई-टाइपच्या सुरुवातीच्या 3.8 लिटर, उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत उघडीचे नंबर 850001 पासून आणि कूपेचे 860001 पासून. आरसी, चासी नंबरची प्लेट आणि पत्र्यावर ठोकलेला नंबर तिन्ही एकमेकांशी जुळवा. दलाल म्हणेल, "साहेब, कागद क्लिअर आहेत." कागद असतीलही, पण ते कुठल्या बॉडीचे आहेत ते बघा.

कायदाही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. 2021 सालच्या व्हिंटेज नियमांत 50 वर्षांहून जुन्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. छप्पर कापलेली गाडी या अटीत बसवणं अवघड. शिवाय व्हीए नंबरची गाडी रोज कामावर न्यायला नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच ती रस्त्यावर आणायची. "घेऊ आणि रोज पणजीला ऑफिसला जाऊ" असा बेत असेल तर व्हीए तुमच्या उपयोगाचा नाही.

कूपेत पाणी येत नाही, असं मानणं

येतं. फक्त कुठून येतं ते दिसत नाही. टपाच्या गाडीत थेंब मांडीवर पडतो, लगेच कळतं. कूपेत कार्पेटखाली महिनाभर तळं साचतं आणि सप्टेंबरात फ्लोअरचा पत्रा हाताला लागतो.

वाटा ठरलेल्या आहेत. पुढच्या काचेचं कडक झालेलं रबर, मागच्या दरवाजाचं रबर, आणि दारांच्या तळाची पाणी निघायची भोकं. काचेवरून दारात पाणी उतरणं हे मुळातच धरलेलं असतं, भोकं बुजली की तेच आत शिरतं. एमजीबीत आणखी एक जागा म्हणजे काचेपुढच्या जाळीतून हवा जिथे आत जाते तो कप्पा. त्याची निचऱ्याची नळी आंब्या-फणसाच्या पाल्याने तुंबली की पाणी थेट पायाशी. ही नळी मे महिन्यात साफ करा, वर्षातून एकदाच, पण नक्की.

गळती शोधायची तर टॉर्च घेऊन एकाने आत बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडायचं. सुरुवात खालून करून हळूहळू वर चढायचं. वरून सुरू केलंत तर सगळीकडूनच गळतंय असं वाटेल आणि भलतंच रबर बदलाल.

दुसरा त्रास उकाड्याचा. एसी नाही, मागे मोठी तिरपी काच, पुढून इंजिनची धग. मे महिन्यात फोंड्याच्या ट्रॅफिकमध्ये कूपे म्हणजे चालती भट्टी. इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीची जुनी उष्णतारोधक गादी बदलली आणि भिंतीतली मोकळी भोकं रबरी ग्रोमेटने बुजवली, तर बराच फरक पडतो.

टपाचे हाल

ओला टप दुमडून ठेवू नका. एक रात्रही नको. बुरशी धरते, डाग पडतात, आकसतो. व्हिनाइल स्वस्त, कापडी टप महाग पण इथल्या उन्हात जास्त टिकतो, असा माझा अनुभव. मागची प्लास्टिकची खिडकी पिवळी पडतेच. ती कोरड्या फडक्याने पुसू नका, चरे पडतात आणि मग पणजीत फोंतइन्हासच्या अरुंद गल्लीत गाडी मागे घेताना देवाचा धावा करावा लागतो. दुमडताना खिडकीच्या मध्ये मऊ सुती कापड ठेवा. निळ्या प्लास्टिकच्या ताडपत्रीने गाडी गच्च बांधणं तर गाडीला वाफेत ठेवण्यासारखं. वर पक्कं छप्पर, बाजूने वारा आणि गाडीवर श्वास घेणारं कापडी कव्हर, हीच व्यवस्था बरी.

आणि माडाखाली गाडी लावू नका. हे कुठल्याही इंग्रजी मॅन्युअलमध्ये नाही. नारळ कूपेवर पडला तर पोचा येतो, टपावर पडला तर सीटवर जाऊन बसतो.

हार्डटॉप, म्हणजे उघड्या गाडीवर बसवायचं काढता येणारं कडक छप्पर, हा मधला मार्ग म्हणून सुचवला जातो. मर्सिडीजच्या 1963 च्या 230 एसएलचा मधे खोलगट "पॅगोडा" हार्डटॉप प्रसिद्धच आहे, एमजीबीसाठीही मिळतो. पावसाळ्यात गाडी वापरायची असेल तर चांगला. पण तो उतरवायला दोन माणसं आणि ठेवायला जागा लागते, आणि त्याने खचलेली गाडी ताठ होत नाही. विक्रेता हार्डटॉप काढून दाखवायला कंटाळत असेल, तर खालची फट झाकायलाच तो लावलेला नाही ना, ते बघा.

फायबरग्लास बॉडीची उघडी गाडी घेणाऱ्यांना वाटतं, गंजाचा प्रश्नच मिटला. गोव्यातच बनलेली रेनो इंजिनची सॅन स्टॉर्म तशी होती. बॉडीचा प्रश्न मिटतो हे खरं, पण सस्पेन्शन, ब्रेकच्या नळ्या, नट-बोल्ट लोखंडाचेच असतात. किनाऱ्यावरून आलात की खालून गोड्या पाण्याने धुवायला ती काही वेगळी नाही.

माझं मत विचाराल तर घराला बंदिस्त, हवेशीर गॅरेज असेल, दुसरी रोजची गाडी असेल आणि वर्षाला चार महिने गाडी चालवून समाधान होणार असेल, तर उघडी घ्या. गेटबाहेर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावायची असेल, सोबत मुलं असतील, चोर्ला घाटाने बेळगावला जाणं-येणं असेल, तर कूपे. पैसे कमी असतील तर चांगल्या स्थितीतली कूपे, त्याच पैशांत मिळणारी दमलेली उघडी नको. ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलचा जुन्या रबरांना होणारा त्रास दोघींना सारखाच, तो या हिशेबात धरू नका.

आणि जमलं तर गाडी बघायला जुलैत जा, चांगली सर येऊन गेल्यावर. विक्रेता "पाऊस ओसरू दे, मग या" म्हणेल, तरीही जा. टॉर्च, लोहचुंबक, जॅक आणि एक जुना टॉवेल बरोबर असू द्या. कार्पेट उचलून टॉवेल खाली दाबायचा आणि मग भावाचं बोलायचं.