गवताळ रेसिडेन्सीला निघताना

गवताळ प्रदेशातल्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे कलाकारांनी काही काळ तिथे राहून काम करायच्या मुक्कामासाठी, अर्ज करताना बहुतेकांच्या मनात एकच शंका असते: तिथे करायला सापडणार काय? जंगलात साली असतात, समुद्रकाठी शिंपले असतात, इथे नुसतं गवत. माझं म्हणणं आहे, गवत पुरतं. ते ओळखायला वेळ लागतो, आणि तो वेळ अर्जातच मागून घ्या. तयार कलाकृतीचं वर्णन करण्यापेक्षा काय गोळा कराल, किती, कुठून आणि काम संपल्यावर त्याचं काय होईल ते लिहा. कुरण सांभाळणाऱ्यांना काळजी असते ती याचीच.

पोचल्यावर विळा बाहेर काढण्याआधी त्यांच्यासोबत एक फेरी मारा. जमिनीवर घरटी करणारे पक्षी कुठे आहेत, कुठलं गवत बी धरेपर्यंत राहू द्यायचं, बाहेरून घुसलेली कुठली वनस्पती त्यांना नकोशी झाली आहे, हे विचारा. ती नकोशी वनस्पती हवी तेवढी घ्या. तुमचंही काम होतं, कुरणाचंही. बाकीचं गवत कापा, उपटू नका. त्याचे वाढीचे कोंब जमिनीलगत असतात, म्हणूनच गुरांनी चरलं किंवा वणवा गेला तरी ते पुन्हा फुटतं. पात्यांत सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते आणि बोटंही चिरतात. हातमोजे आणि धारेचा दगड जवळ असू द्या.

पहिलं काम दोरीचं करा, असं मी प्रत्येकाला सांगते. ओल्या गवताची दोरी वळली तर वाळल्यावर ती आकसते आणि सैल पडते. म्हणून गवत आधी सावलीत वाळवायचं, मग वळण्यापुरतं ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ करायचं. दोन पेड घ्या, प्रत्येकाला उजवीकडे पीळ द्या आणि दोन्ही एकमेकांवर डावीकडे वळा. उलटसुलट पीळच दोरीला धरून ठेवतात. दोन्ही पेडांची लांबी कमीजास्त ठेवा, म्हणजे जोड एकाच जागी येत नाहीत. हे करता करता कुठलं गवत चिवट, कुठलं मोडकं, हे बोटांना कळायला लागतं. ते ज्ञान पुढे प्रत्येक कामात लागतं.

मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते कुसळांनी. कुसळी गवताच्या बीला लांब शेपटी असते, कोरडी असताना घट्ट पिळलेली. तिच्यावर पाण्याचा थेंब सोडा: पीळ उलगडतो आणि शेपटीचं टोक सावकाश गोल फिरतं. वाळली की पुन्हा पीळ बसतो. याच हालचालीने बी मातीत शिरतं. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुकने १६६५ मध्ये रानओटाच्या कुसळाला काटा जोडून हवेतला दमटपणा दाखवणाऱ्या यंत्राचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं. मी बी कागदाला टाचते, टोकाला शाई लावते आणि वर पाण्याचा बारीक फवारा मारते. पुढची रेघ कुसळ स्वतः काढतं.

रंगांबाबत मातीवर भरवसा ठेवा. माती चाळून पाण्यात ढवळा, जड रेती खाली बसली की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. त्याचा गाळ वाळवून डिंकाच्या पाण्यात घोटला की टिकाऊ रंग मिळतो. गवताचा हिरवा रस मात्र उन्हात विटतो. टिकाऊपणासाठी तो निरुपयोगी, पण त्याच्या विटण्याचाच उपयोग होतो: रस लावलेल्या कागदावर तुरे ठेवून उन्हात टाका, झाकलेला भाग गडद राहतो. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८४२ मध्ये ही पद्धत मांडली. अशी चित्रं अंधारात जपावी लागतात, म्हणून त्यांचे फोटो लगेच काढून ठेवा.

काहीच न तोडताही काम होतं, हे आयोजकांना समजावून सांगायची वेळ येते. तेव्हा इंग्रज कलाकार रिचर्ड लाँगचं उदाहरण द्या. १९६७ मध्ये तो इंग्लंडमधल्या एका गवताळ मैदानात एकाच सरळ रेषेत येत-जात राहिला. गवत दबून रेघ उमटली, तिचा फोटो घेतला आणि तीच कलाकृती झाली.

निघताना बूट, मोजे आणि पिशव्यांच्या शिवणी नीट तपासा, अडकलेली बियाणं तिथेच काढून टाका. माल परदेशी न्यायचा असेल तर बिया, माती आणि वाळलेल्या वनस्पतींचे नियम अर्ज करतानाच विचारून घ्या. अनेक देश माती आत येऊच देत नाहीत.