पोर्टेबल एक्सआरडी: आधी पावडर, मग सॉफ्टवेअर

फिजिक्स किंवा जिऑलॉजीत एमएस्सी करून नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या टेस्टिंग लॅबमध्ये लागलेली मुलं हमखास विचारतात, 'सॉफ्टवेअर कुठलं शिकू?' मी सांगते, आधी नमुन्याची पावडर करायला शिका. एक्सआरडी म्हणजे क्ष-किरण पावडरवर पडून कुठल्या कोनांत वळतात, त्यावरून त्यातले स्फटिक ओळखणं.

महापे-रबाळेच्या कारखान्यांतून आमच्याकडे जास्त येतात ते पाइपांत आणि कूलिंग टॉवरमध्ये साचलेले थर. एक्सआरएफची गन (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं हातातलं यंत्र) कॅल्शियम, गंधक, लोह अशी मूलद्रव्यं दाखवते. ती कुठल्या स्फटिकात बसली आहेत, ते एक्सआरडी सांगतं. सफाई त्यावरच ठरते. कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेट) सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात फसफसून विरघळतं, जिप्सम (पाणी धरलेलं कॅल्शियम सल्फेट) त्याला फारशी दाद देत नाही.

लॅबमधल्या मोठ्या यंत्रात गोनिओमीटर, म्हणजे कोन मोजणारा भाग, फिरतो. सुटकेसएवढ्या पोर्टेबल यंत्रात तसं काही फिरत नाही: समोर सीसीडी, म्हणजे किरण टिपणारा कॅमेऱ्यासारखा सेन्सर असतो आणि छोट्या सेलमधली पावडर थरथरत राहते. थरथरण्यामुळे कण सतत उलटेपालटे होतात आणि सगळ्या दिशांनी किरणांसमोर येतात. याच पद्धतीचं 'केमिन' हे उपकरण क्युरिऑसिटी रोव्हरवर 2012मध्ये मंगळावर पोचलं. चिमूटभर, म्हणजे 15 मिलिग्रॅमच्या आसपास पावडर पुरते, पण ती 150 मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली हवी. अगेटच्या खलात घाई न करता घोटा. बोटांना खरखर लागली की अजून घोटायचं आहे, असं समजा.

या यंत्रांत बहुधा कोबाल्टची क्ष-किरण ट्यूब असते. तांब्याच्या ट्यूबच्या किरणांनी नमुन्यातलं लोह स्वतःच चमकू लागतं आणि आलेखाची मागची पातळी (बॅकग्राउंड) चढते; गंज असो की पारसिक डोंगराचा बेसॉल्ट, लोह दोन्हींत आहे. पण पुस्तकांतले कोन बहुतेक तांब्याच्या ट्यूबचे असतात. कॅल्साइटचं मुख्य पीक (आलेखातला टोकदार उंचवटा) तिथे 29.4 अंशांवर, कोबाल्टवर 34.3 वर. म्हणून कोन पाठ करू नका, कोन आणि किरणांची तरंगलांबी जोडणाऱ्या ब्रॅगच्या नियमाने डी-अंतर, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या थरांमधलं अंतर, काढा. ते ट्यूब बदलली तरी बदलत नाही.

खरी कसोटी अॅरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटचंच दुसरं रूप) आणि क्वार्ट्झ (वाळूतलं खनिज) यांची. कोबाल्टवर अॅरागोनाइटचं मुख्य पीक 30.5 ला, क्वार्ट्झचं 31 ला. छोट्या यंत्रात पिकं जाडसर येतात, त्यामुळे थरात वाळू मिसळलेली असली की दोन्ही एकमेकांत शिरतात. अशा वेळी सॉफ्टवेअरने वर दाखवलेलं नाव लगेच रिपोर्टात घालू नका, दोन्हींची बाकीची पिकं तपासा. अस्फटिकी सिलिका तर पीक देतच नाही, नुसता पसरट फुगवटा दिसतो. तो 'बॅकग्राउंड' म्हणून पुसला जातो, ते मला अजिबात पटत नाही.

पावसाळ्यात इथल्या दमट हवेने पावडरच्या गुठळ्या होतात आणि ती सेलमध्ये हलतच नाही. म्हणून कोणी नमुना 100 अंशांवर ओव्हनमध्ये ठेवतात. तसं केलं की जिप्समचं पाणी उडून बॅसानाइट (कमी पाण्याचं कॅल्शियम सल्फेट) तयार होतं आणि पाइपात नसलेलं खनिज रिपोर्टात येतं. 40 अंशांच्या आत, सावकाश वाळवा आणि लगेच डेसिकेटरमध्ये (आत ओलावा शोषणारा पदार्थ असलेल्या बंद भांड्यात) ठेवा.