दोन तासांच्या मधली पाच मिनिटं

पहिलीच्या वर्गावर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझं पाठ टाचण तयार होतं. चार तासांचे चार पाठ, प्रत्येकाची उद्दिष्टं, लागणारं साहित्य, शेवटी विचारायचे प्रश्न, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. दिवस संपला तेव्हा त्यातला दीड पाठ झाला होता. मुलं काही दंगेखोर नव्हती, मीही क्षणभर बसले नव्हते. मग वेळ गेला कुठे, ते कळेना.

पुढच्या आठवड्यात मी घड्याळ बघून नोंद ठेवायला लागले. भाषेचं पुस्तक दप्तरात जाऊन गणिताची वही समोर येईपर्यंत सहा मिनिटं. मधल्या सुट्टीनंतर हात धुऊन, पाणी पिऊन सगळे जागेवर येईपर्यंत नऊ. वह्या गोळा करायला पाच. दिवसात असे सात-आठ बदल होतात. सरासरी पाच-पाच मिनिटं धरली, तरी आठा पंचे चाळीस! रोजची एक अख्खी तासिका जात होती आणि ती टाचणात कुठेच नव्हती.

पाठ कसा घ्यायचा हे प्रशिक्षणात शिकवतात. एक पाठ संपून दुसरा सुरू होईपर्यंत वर्गात काय चालतं, हे मात्र वर्गात गेल्यावरच समजतं. प्राथमिकच्या वर्गाचा दिवस या सांध्यांवर चालतो किंवा अडतो, असं माझं आता ठाम मत झालंय. म्हणून नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

सकाळपासून सुरुवात करते. मुलं एकदम येत नाहीत. पहिलं मूल आणि शेवटचं मूल यांत दहा-पंधरा मिनिटांचं अंतर पडतं. तेवढ्यात आधी आलेल्यांच्या हाताला काम नसेल तर ती आपापलं काम शोधतात आणि मग सगळ्यांना पुन्हा जागेवर आणण्यात पहिला तास निम्मा जातो. म्हणून मुलं यायच्या आधी फळ्यावर तीन छोटी कामं लिहिलेली असतात. कालच्याच धड्यातली, कुणाला काही विचारावं न लागता जमतील अशी: तीन बेरजा, किंवा दोन शब्द देऊन त्यांची वाक्यं. नवीन काही नाही. मूल दप्तर ठेवतं, फळ्याकडे बघतं आणि बसतं. यात उजळणी होते हा मोठाच फायदा. शिकलेलं पहिल्या काही तासांत आणि दिवसांत सगळ्यात वेगाने विसरतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं. कालचं आज सकाळी पुन्हा हाताखालून गेलं की ते टिकायला मदत होते.

याच वेळात मी दारात उभी राहते. येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून त्याचं नाव घेते. कुणाचे डोळे रडलेले आहेत, कोण नेहमीसारखं बोलत नाहीये, कुणाला बरं नसावं, हे दारातच कळतं. दहा मिनिटांनी वर्गापुढे उभं राहिल्यावर ते दिसत नाही. हजेरी त्यानंतर, मुलं फळ्यावरचं काम करत असतानाच. हजेरी घेताना मान वहीत घालू नका. नाव घ्या, मुलाकडे बघा, मग खूण करा. काही मुलांसाठी दिवसभरात शिक्षकांनी फक्त आपल्याकडे बघितलेला तेवढाच क्षण असतो.

आता सूचनांबद्दल, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथेच होत होती. मी एका दमात सांगायचे, "गणिताची वही काढा, नवीन पान घ्या, समास आखा, तारीख टाका आणि पान बावीसवरचं पहिलं उदाहरण उतरवा." पाच कामं. मोठ्या माणसाला हे एक वाक्य वाटतं. सहा वर्षांच्या मुलाला एका वेळी एवढं डोक्यात धरून ठेवता येत नाही. ते वही काढतं, दप्तरात पट्टी शोधतं आणि पट्टी सापडेपर्यंत पुढचं सगळं गेलेलं असतं. मग सुरू होतं, "बाई, कुठलं पान?" "बाई, समास आखायचा का?" मी चिडायचे, की आत्ताच तर सांगितलं! शेजारच्या वर्गातल्या अनुभवी बाई एकदा माझ्या वर्गात मागे येऊन बसल्या होत्या. नंतर त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्ही थांबत का नाही?" दुसऱ्या दिवशी त्यांनी मला करून दाखवलं. "वही काढा." मग गप्प. सगळ्यांच्या वह्या बाकावर येईपर्यंत एक शब्द नाही. नजर मात्र वर्गावर फिरत होती. "नवीन पान." पुन्हा गप्प. पाचही कामं दोन मिनिटांत झाली आणि एकाही मुलाने प्रश्न विचारला नाही. पान नंबर त्यांनी तोंडाने सांगितलाच नव्हता, फळ्यावर कोपऱ्यात मोठा लिहिला होता. तो कोपरा माझ्या वर्गात आजही पान नंबरासाठी राखलेला आहे.

थांबणं शिकवतानाही तितकंच लागतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, मग स्वतः बोलतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात, असं मेरी बड रो या संशोधक बाईंना वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासताना आढळलं. १९७० च्या दशकातलं हे काम. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबतात, गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात, मुलं स्वतः प्रश्न विचारायला लागतात. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. वर्गापुढे उभं राहून मनात मोजून बघा, फार लांब वाटतात. मी पहिले काही महिने बोटं मागे धरून मोजायचे.

शिरस्ता हा शिकवावा लागतो, नुसता सांगून भागत नाही. वर्षाच्या पहिल्या दोन आठवड्यांत अभ्यासक्रम थोडा मागे पडला तरी चालेल, पण वह्या गोळा कशा करायच्या, रांग कशी लावायची, बाहेर जायचं असेल तर कसं सांगायचं, हे अक्षर गिरवून घ्यावं तसं गिरवून घ्या. आधी करून दाखवा, मग दोन मुलांना करायला लावा, मग सगळ्यांना. चुकलं तर रागवायचं कारण नाही, फक्त पुन्हा करायचं. माझ्या वर्गात वह्या मागून पुढे येतात: शेवटच्या बाकावरचं मूल आपली वही पुढच्याकडे देतं, तो त्यावर आपली ठेवतो, पहिल्या बाकापाशी गठ्ठा तयार. पाच मिनिटांचं काम आता मिनिटभरात होतं. लघवीला जायचं असेल तर एक बोट वर, पाणी प्यायचं असेल तर तीन. मी मान हलवते, शिकवणं थांबत नाही आणि मुलाला सगळ्यांसमोर बोलावंही लागत नाही. लघवीला कधीही अडवू नये, एवढं मात्र नक्की.

पेन्सिलीचंही तसंच. टोक मोडलं की मूल शार्पनर शोधतं, शेजाऱ्याकडे मागतं, कचऱ्याच्या डब्यापाशी जातं, तिथे आणखी दोघं भेटतात. आता खिडकीत दोन डबे आहेत. मोडलेली पेन्सिल लाल डब्यात टाकायची, टोक केलेली निळ्यातून घ्यायची. लाल डब्यातल्या पेन्सिलींना सुट्टीत टोक करायचं काम आठवड्याच्या पाळीने दोन मुलांकडे असतं आणि ते काम मिळावं म्हणून मुलं वाट बघतात.

मधल्या सुट्टीनंतरचा वेळ सगळ्यात अवघड. मुलं धावून आलेली असतात, कुणाचं भांडण अर्धवट राहिलेलं असतं. तेव्हा लगेच गणित काढू नका. मी दहा मिनिटं गोष्ट वाचते, तीही हळू आवाजात. हळू आवाज ऐकायला मुलांना शांत व्हावंच लागतं. वर्गाच्या गोंगाटावर आपला आवाज चढवला की गोंगाटही चढतो आणि घसा बसतो. या कामात घसा सांभाळणं फार महत्त्वाचं आहे, नवीन लोक तिकडे लक्ष देत नाहीत.

शिस्तीबद्दल फार काही लिहीत नाही, एकच सांगते. जेकब कुनिन या मानसशास्त्रज्ञांनी खऱ्या वर्गांचं चित्रीकरण करून अभ्यास केला आणि १९७० मध्ये निष्कर्ष मांडले. गडबड झाल्यावर शिक्षक काय करतात, यात चांगले चाललेले आणि विस्कटलेले वर्ग यांत फारसा फरक निघाला नाही. फरक होता तो आधीच्या गोष्टींत: शिक्षकाचं सगळीकडे लक्ष आहे हे मुलांना जाणवतं का, आणि एका कामातून दुसऱ्या कामात वर्ग न अडखळता जातो का. म्हणजे पुन्हा सांधेच.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. दर तासाला उठून माझ्यापाशी यायचा आणि विचारायचा, "बाई, आता काय?" उत्तर दिलं की दहा मिनिटांनी पुन्हा. मला तो चंचल वाटायचा. एकदा शेवटच्या तासाला खेळाऐवजी चित्रकला घ्यावी लागली तेव्हा तो थरथरत रडला आणि मला उमगलं, की पुढे काय होणार हे माहीत नसण्याची त्याला भीती वाटतेय. त्याला वाचता येत नव्हतं, भिंतीवरचं वेळापत्रक त्याच्यासाठी नव्हतंच. मी चित्रांचं केलं. पुस्तक, आकडे, डबा, चेंडू, घर. बाजूला कपड्यांचा एक चिमटा लावला आणि तास संपला की चिमटा खाली सरकवायचं काम त्याच्याकडे दिलं. बेताबेताने त्याचं विचारणं थांबलं. दिवसात काही बदलणार असेल तर मी सकाळीच त्याच्यादेखत चित्र बदलते आणि सगळ्यांना सांगते. गंमत म्हणजे, वाचता येणारी मुलंसुद्धा चित्रांकडेच बघतात.

दिवसाची शेवटची दहा मिनिटं दप्तर भरण्यासाठी मोकळी ठेवा. गृहपाठ त्याआधीच, सगळे शांत बसलेले असताना लिहून घ्या. घंटेवर ओरडून सांगितलेला गृहपाठ अर्ध्या मुलांच्या वहीत नसतो. दप्तर भरून झालं की प्रत्येक जण आज काय जमलं ते शेजाऱ्याला सांगतो. रांग दारापर्यंत जाते, चिमटा घराच्या चित्रावर येतो.

मुलं गेल्यावर मी फळा स्वच्छ पुसते आणि उद्याच्या तीन बेरजा लिहून ठेवते. मगच दिवे बंद करते.