फ्यूज उडाला तर: किटकॅटच्या तारेपासून पॉलिफ्यूजपर्यंत

एक चौरस मिमीच्या लवचिक वायरमध्ये ०.२ मिमी जाडीचे ३२ पदर असतात. त्यातला एक पदर साधारण ५ अँपियरच्या फ्यूजच्या तारेइतका. ‘परत उडायला नको’ म्हणून असे पाच पदर पिळून किटकॅटमध्ये (बोर्डावरच्या, तार बांधायच्या चिनी मातीच्या फ्यूजमध्ये) बांधले, की दिव्यांच्या लाइनवर जवळजवळ १५ अँपियरचा फ्यूज बसतो. मग भिंतीतली वायर तापून तिचं प्लास्टिक मऊ झालं तरी तो उडत नाही.

फ्यूज टीव्ही-फ्रिज वाचवण्यासाठी असतो, असा समज आहे. बोर्डावरचा फ्यूज वाचवतो तो वायरला. म्हणून त्याचं रेटिंग आधी वायर बघून ठरतं. लोडचा, म्हणजे उपकरणं किती करंट घेतात त्याचा, हिशेब सोपा आहे: वॅटला २३० ने भागा. २००० वॅटचा गिझर ८.७ अँपियर घेतो, १००० वॅटची इस्त्री ४.३. फ्यूज लोडपेक्षा थोडा वर आणि वायरच्या क्षमतेच्या खाली हवा.

इथे किटकॅटची एक अडचण आहे. त्यातली तार रेटिंगच्या साधारण दुप्पट करंटला वितळते. १५ अँपियरची तार २० अँपियर बराच वेळ निमूट वाहून नेते. म्हणून अशा फ्यूजमागची वायर किमान २१ अँपियर पेलणारी लागते. कलई केलेल्या तांब्याच्या तारेची जाडी अशी धरा: ५ अँपियरला ०.२ मिमी, १० ला ०.३५, १५ ला ०.५, २० ला ०.६.

तार बांधण्याआधी मेन स्विच बंद करा, किटकॅट उपसा आणि तो काय सांगतो ते बघा. चिनी मातीवर काजळी आणि तांब्याचे बारीक मणी उडालेले असतील, तर शॉर्ट झाला आहे. तार मध्येच शांतपणे वितळली असेल, तर ओव्हरलोड. स्क्रूजवळ तुटून तिथलं पितळ काळं पडलं असेल, तर दोष ढिल्या स्क्रूचा. तिथे मोठी तार घालून काहीच साधत नाही.

मग जुने तुकडे आणि मणी काढून टाका, स्क्रू घासून स्वच्छ करा. तारेचा एकच वेढा स्क्रूभोवती, घट्ट करताना स्क्रू ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेने घ्या. तार खाचेतून किंचित सैल न्या. ताणून बांधली तर ती बारीक होते आणि विनाकारण उडते. स्क्रू घट्ट हवा, पण तार अर्धी कापली जाईल इतका नको. त्या लाइनवरची बटणं बंद ठेवून किटकॅट बसवा, मेन चालू करा आणि एकेक उपकरण लावत जा. ज्या बटणाला फ्यूज उडेल, दोष तिथेच आहे. सगळं बंद असतानाच उडाला, तर दोष वायरिंगमध्ये आहे. मेन बंद करून वायरमनला बोलवा.

जुन्या बोर्डांवर न्यूट्रललाही (करंट परत नेणाऱ्या तारेलाही) किटकॅट सापडतो. तो काढून सरळ जोड करून घ्यावा. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवा बंद दिसतो, पण होल्डरमध्ये फेज, म्हणजे शॉक देणारी तार, जिवंत असतो.

शक्य असेल तर किटकॅट काढून एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा, परत वर करता येणारा स्विच) बसवून घ्या. घरगुती एमसीबी रेटिंगच्या १.४५ पट करंटला तासाभराच्या आत पडतो, आणि ‘सी’ प्रकारचा ५ ते १० पटीला क्षणात.

उपकरणांच्या आतला ५×२० मिमीचा नळीसारखा फ्यूज बदलताना टोपीवरची अक्षरं वाचा. ‘एफ’ म्हणजे झटपट उडणारा, ‘टी’ म्हणजे सुरुवातीचा झटका सहन करणारा. ट्रान्सफॉर्मर किंवा मोटर असेल तिथे बहुधा ‘टी’ असतो; तिथे ‘एफ’ घातला तर चालू करतानाच उडतो. चिनी मातीच्या फ्यूजच्या जागी काचेचा कधीच घालू नका. मोठ्या शॉर्टमध्ये काच फुटते आणि आतली ठिणगी विझत नाही.

पॉलिफ्यूज हा कमी व्होल्टच्या सर्किटमधला, उडाल्यावर न बदलता पुन्हा चालणारा फ्यूज; आतून तो म्हणजे कार्बनचे कण मिसळलेलं प्लास्टिक. जास्त करंटने ते तापून फुगतं, कणांची साखळी तुटते आणि रोध शेकडो-हजारो पटींनी वाढतो. त्याचे दोन आकडे महत्त्वाचे: होल्ड, म्हणजे जेवढा करंट तो सतत जाऊ देतो, आणि ट्रिप, म्हणजे जेवढ्याला तो नक्की अडवतो, बहुधा होल्डच्या दुप्पट. हे आकडे साधारण २३ अंशांचे असतात. पत्र्याच्या बंद डब्यात ६० अंश झाले, की ०.५ अँपियरचा होल्ड ०.३ च्या आसपास येतो. उन्हाळ्यात दुपारीच बंद पडणाऱ्या सर्किटमध्ये आधी हेच तपासावं.

उलट चूकही होते. १ अँपियरच्या १२ व्होल्ट अडॅप्टरवर १ अँपियर होल्डचा पॉलिफ्यूज लावला, तर शॉर्टमध्ये अडॅप्टर ट्रिपएवढा करंट देऊच शकत नाही आणि पॉलिफ्यूज जागचा हलत नाही. तिथे, लोड ०.३ असेल तर, ०.५ चा घ्या.

सोल्डर करताना पायांना थोडी लांबी ठेवा. त्यावर गरम गोंद ओतू नका, घट्ट स्लीव्ह चढवू नका. फुगायला जागा मिळाली नाही तर तो नीट ट्रिप होत नाही. ट्रिप झाल्यावरही थोडा करंट झिरपत राहतो आणि त्याच उष्णतेवर तो ट्रिप टिकवतो, म्हणून सप्लाय काढल्याशिवाय तो पूर्ववत होत नाही. दोष दुरुस्त करा, सप्लाय काढा, मिनिटभर थंड होऊ द्या. पहिल्या ट्रिपनंतर त्याचा रोध थोडा वाढलेलाच राहतो, त्यामुळे ५ व्होल्टच्या सर्किटमध्ये व्होल्टेज पुन्हा मोजा. आणि ३० किंवा ६० व्होल्ट लिहिलेला पॉलिफ्यूज २३० व्होल्टवर लावू नका. तो ट्रिप होईल तेव्हाच जळेल.