सरकतं दार आदळू नये म्हणून डॅम्पर बसवताना

आमच्या गावात एका घरी सरकत्या दारांचं कपाट केलं होतं. मधल्या खोलीत घरची म्हातारी झोपायची. रात्री कोणी कपडे काढले की पल्ला धाडकन आदळायचा आन् ती दचकून उठायची. सूनबाई म्हणाल्या, "मिस्त्रीभाऊ, याचं काही तरी करा ना." मी सॉफ्ट क्लोजचा डॅम्पर, म्हणजे दार शेवटी आवरून हळू लावणारा भाग, आणून लावला. आठ दिवसांत पुन्हा तेच. चूक माझीच होती, पल्ल्याचं वजन न काढता डॅम्पर घेतला होता.

म्हणून आधी वजन. १८ मिमीचा बोर्ड, पल्ला ७ फूट बाय ३ फूट, म्हणजे २१ चौरस फूट. एवढा पल्ला साधारण २५ किलो भरतो. त्यावर ५ मिमीचा पूर्ण आरसा चिकटवला की तेवढंच वजन आणखी वाढतं. म्हणजे ५० किलोच्या दाराला मी ४० किलोपर्यंतचा डॅम्पर लावला होता! हिशेब पटत नसेल तर कापूस तोलायचा टांगता काटा घ्या आन् पल्ला दोरीनं अडकवून बघा. पाकिटावर वजनाचे दोन आकडे असतात, खालचा आन् वरचा. दोन्ही पाहा. पल्ला हलका आन् डॅम्पर जास्त ताकदीचा असेल, तर उघडताना म्हाताऱ्या माणसाच्या हाताला ओढ बसते.

डॅम्परच्या आत एक स्प्रिंग असते आन् तेलाचा दट्ट्या. तो पल्ल्याला लावतात, आन् पल्ला ज्यात सरकतो त्या वरच्या पट्टीत एक खुंटी बसवतात. पल्ला शेवटच्या दोन-तीन इंचांवर आला की डॅम्परची कडी खुंटीला धरते. स्प्रिंग पल्ला ओढते, तेल त्याला आवरतं.

पट्टी तिरपी असेल तर कितीही महागडा डॅम्पर आणा, उपयोग नाही. लेव्हल पाइपनं, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं, दोन्ही टोकं जुळवा. पल्ला अर्ध्यात सोडून द्या. तिथंच थांबला पाहिजे.

खरं कौशल्य खुंटीच्या जागेत आहे. ती चौकटीकडे जास्त गेली, तर दट्ट्याचं काम संपायच्या आधीच पल्ला चौकटीला लागतो. अलीकडे राहिली तर पल्ला फट ठेवून थांबतो. स्क्रू अर्धवट कसा, एकेक सूत (इंचाचा आठवा भाग) सरकवा, दहा वेळा लावून बघा, मगच घट्ट करा. घाई करू नका. कडी सुटून दुसऱ्या टोकाला गेली असेल, तर ती खुंटीला धरतच नाही. स्क्रूड्रायव्हरनं ओढून 'टक' आवाज येईपर्यंत परत चढवा.

मे महिन्यात दार थोडं चपळ लागतं, थंडीत सुस्तावतं. तेल उन्हानं पातळ होतं, म्हणून. तो बिघाड नाही, डॅम्पर बदलू नका.

आपल्याकडची खरी अडचण रुईची. भाव येईपर्यंत कापूस घरातच पडून असतो. त्या घरी दिवाळीनंतर पल्ला अडायला लागला, म्हणून खाली उतरवून पाहिला. रोलरच्या आसाला रुईची वात वळावी तशी गुंडाळी झाली होती, तीही तेलात भिजलेली. कोणी तरी पट्टीत खोबरेल सोडलं होतं. तेल घालू नका, त्याला धूळ आन् रुई चिकटते. मी ती गुंडाळी सुईनं उकलून काढली, पट्टी कोरड्या फडक्यानं पुसली. पल्ला चढवून सूनबाईंना म्हटलं, "आता शेवटी ढकलू नका, हात सोडा."