न पेरता उगवलेलं रोप: उपटायचं की ठेवायचं?

मृगाचा पाऊस बरा झाला की आठ-दहा दिवसांत परसातल्या वाफ्यात आपण न पेरलेलं काहीबाही वर येतं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्या भेगांत काय काय जाऊन पडलेलं असतं ते पावसाशिवाय कळत नाही. अशा वेळी लगेच खुरपं घेऊन बसू नका. टोमॅटो, पपई, भोपळा असा बराच ऐवज फुकटात हाती लागतो. मात्र ओळख पटेपर्यंत त्यातलं काहीही भाजीत घालायचं नाही.

१. बी कुठून आलं ते शोधा

निम्मी ओळख इथंच पटते. मोरीचं पाणी सोडलंय तिथं टोमॅटो आणि मिरची ठरलेली. उन्हाळ्यात टरबुजाच्या साली, पपईच्या बिया टाकल्या त्या कोपऱ्यात तेच उगवणार. चिमण्यांना दाणे टाकता तिथं ज्वारी-बाजरी. शेणखत टाकलेल्या वाफ्यात काटेरी, बारीक पानांचं रोप दिसलं तर ती बहुधा बाभूळ: शेळ्या शेंगा खातात आणि बी लेंड्यांतून खतात येतं. नीट तापलेल्या खताच्या ढिगात, म्हणजे आतली उष्णता ५५-६० अंशांवर गेली तर, बहुतेक बिया मरतात. घरच्या बादलीत थोडा थोडा साठवलेला ओला कचरा तेवढा तापतच नाही, म्हणून त्या खतातून टोमॅटोची फौज निघते.

२. खऱ्या पानांची वाट बघा

सुरुवातीला वर येणारी जाडसर दोन पानं म्हणजे बियाच्याच डाळी. त्यांवरून फार तर घराणं कळतं. मोठी, जाड, लांबट गोल असतील तर वेलवर्गीय. मधोमध खाच असलेली, बदामाच्या आकाराची असतील तर मोहरी-मुळ्याच्या गोतातलं. तुरीची आणि हरभऱ्याची डाळ मातीतच राहते, त्यामुळे तिथं एकदम खरी पानंच दिसतात. त्यानंतरची दोन-चार पानं येईपर्यंत थांबा. टोमॅटोचं पान चुरगळलं की जो वास येतो, त्यात चूक होत नाही.

वेलांचं नक्की कळायला फूल लागतं. दुधीचं फूल पांढरं आणि संध्याकाळी उमलणारं, पान मऊ लवदार. लाल भोपळ्याचं फूल मोठं, पिवळं, सकाळचं, आणि पान खरबरीत. दोडका पिवळाच, पण संध्याकाळी फुलतो. शेतातून माती आणली असेल तर काकडीसारखा दिसणारा वेल शेंदाडाचाही निघू शकतो.

३. फसवणारी तीन

घोळ किंवा चिवळ समजून लोक नायटी नावाचं तण खुडतात. दोन्ही जमिनीलगत, दोन्हींच्या काड्या तांबूस. काडी मोडून बघा: पांढरा चीक आला तर ती घोळ नाही. घोळीची काडी जाड, पाणीदार असते आणि पान बोटांत दाबलं की रसरशीत लागतं.

लहानपणी धोतरा वांग्यासारखा दिसतो. वांग्याच्या पानाला बारीक लव असते, हाताला ते खरखरीत लागतं. धोतऱ्याचं त्यामानाने गुळगुळीत, आणि चुरगळलं तर वास उग्र, नकोसा. तो अख्खा विषारी आहे. हात डोळ्यांना लावू नका, रस गेला तर बाहुली विस्फारते आणि धूसर दिसतं. साबणाने हात धुवा. लहान मुलं असलेल्या घरात मी तरी धोतरा ठेवणार नाही.

तिसरं गाजर गवत. कोवळेपणी गाजराच्या किंवा शेवंतीच्या रोपासारखं दिसतं. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि आता धुऱ्याधुऱ्यावर आहे. हातमोजे घालून, फुलं येण्याआधीच मुळासकट उपटा. एकेक झाड हजारो बिया टाकतं आणि त्वचेला ॲलर्जीही होते.

४. ठेवायचं ते विचार करून ठेवा

बाजारातले टोमॅटो, पपई बहुतेक संकरित वाणांचे. त्यांच्या बियांतून आईसारखं फळ येईलच असं नाही. पपईची तर नर झाडंही निघतात, म्हणून एकाच जागी दोन-तीन रोपं ठेवा आणि फुलं आल्यावर नर ओळखून काढा. सरळ, म्हणजे संकरित नसलेला, वाण असेल तर गोष्ट वेगळी. परभणी क्रांती ही परभणीच्या कृषी विद्यापीठाची भेंडी तशी आहे. सांडलेल्या बियांतूनही ती बऱ्यापैकी तशीच येते. केशर आंब्याची कोय रुजली तर पानं तांबूस, देखणी येतात, पण फळ केशरचं मिळेल या भरवशावर राहू नका. त्यावर कलम करावं लागतं.

टोमॅटोचं पान आक्रसून चुरडल्यासारखं झालं असेल तर दयामाया नको. त्याच्यावरची पांढरी माशी चांगल्या रोपांवर रोग नेते.

सगळ्यांत जास्त जपायचं ते आपोआप आलेल्या दुधीला, काकडीला. फळ कापलं की आधी छोटी चकती जिभेला लावा. कडू लागली तर थुंका आणि अख्खं फळ फेका. शिजवल्याने तो विषार जात नाही, साखर-लिंबू घालून तर मुळीच नाही. दुधीच्या रसासाठीही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी हीच खबरदारी सांगितली आहे. कडू रस पिऊन उलट्या-जुलाब सुरू झाले तर वाट न बघता दवाखाना गाठा.

५. जागा बदलताना

ऊन कलल्यावर, माती ओली करून मगच रोप उचला. टोमॅटो खोडासकट खोल लावा, मातीत गेलेल्या खोडालाही मुळ्या फुटतात. वेलवर्गीय रोपाला मूळ दुखावलेलं चालत नाही. दोन-तीन पानांवर असतानाच ढेकळासकट हलवा, नाहीतर जिथं आहे तिथंच त्याला आळं करा आणि मांडवाच्या दिशेने काठी लावा.